दोनाचे तीन तारे: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे सन्माननीय संपादक व पुरवणीप्रमुख,
यांस स.न.वि.वि.

पत्रास कारण की, मागच्या महिन्यात आमच्या गावच्या फिल्म सोसायटीत सतरा जणांनी मिळून एक माहितीपट पाहिला. सतरा हा आमच्याकडे बरा आकडा आहे. शाळेचा हॉल, खिडक्यांवर सतरंज्या टांगून केलेला अंधार आणि मध्येच कुरकुरणारा पंखा. माहितीपटाचं नाव 'लाइफ इटसेल्फ', दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स, साल २०१४. विषय: शिकागोतल्या एका वर्तमानपत्राचा सिनेपरीक्षक रॉजर ईबर्ट. खेळ संपल्यावर चहा घेताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "परीक्षकावर कोण पिक्चर काढतं हो? उद्या प्रूफरीडरवर काढतील." सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागेना. सकाळी उठून हे पत्र लिहायला घेतलं.

हे पत्र निर्मात्यांना किंवा सरकारला लिहून उपयोग नाही. तुम्हालाच का लिहितोय ते सांगतो. सिनेमावर लिहिणारी हुशार माणसं जगात पुष्कळ झाली. ईबर्टचं वेगळेपण हे, की तो पेपरात होता. मासिकात किंवा विद्यापीठात नव्हे, सकाळी दारात पडणाऱ्या, दुपारी भेळ बांधायला जाणाऱ्या पेपरात. 'शिकागो सन-टाइम्स' हा टॅब्लॉइड आकाराचा, बसमध्ये शेजाऱ्याला कोपर न लागता उघडता येणारा, कष्टकऱ्यांचा पेपर. शहरातली बडी मंडळी 'ट्रिब्यून' घेत. इलेक्ट्रिशियनचा हा मुलगा १९६६ साली सन-टाइम्सला लागला आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पेपराचा सिनेपरीक्षक झाला. वय चोवीस. ४ एप्रिल २०१३ ला तो वारला तोपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षं, ती खुर्ची त्याची होती. १९७५ साली त्याला पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं. सिनेपरीक्षणासाठी ते मिळवणारा तो पहिलाच. मग मोठ्या पेपरांची बोलावणी आली, ती त्याने नाकारली. आता नवे रस्ते कुठे पाठ करत बसू, असं काहीसं त्याचं उत्तर माहितीपटात येतं. ऐंशीच्या दशकात माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकने पेपर विकत घेतला, बरेच मोठे लोक सोडून गेले. हा राहिला.

शेहेचाळीस वर्षं. तुमच्या पुरवणीतल्या परीक्षकाचं नाव गेल्या पाच वर्षांत किती वेळा बदललं, ते एकदा मोजून बघा. नाव छापत असाल तर.

माहितीपट संत उभा करत नाही, हे आधी सांगायला हवं. ईबर्ट दारूच्या पूर्ण कह्यात गेला होता, १९७९ मध्ये सुटला. जेम्स त्या गुत्त्यातल्या जुन्या मित्रांना बोलतं करतो, आणि मित्र काही हातचं राखत नाहीत. रस मेयर नावाच्या चावट सिनेमांच्या दिग्दर्शकासाठी त्याने पटकथा लिहिली होती, तीही आहे. गर्विष्ठपणा तर जागोजागी. तरी जेम्स तटस्थ आहे असं मी म्हणणार नाही. १९९४ मध्ये त्याच जेम्सचा 'हूप ड्रीम्स', शिकागोतल्या दोन काळ्या मुलांची बास्केटबॉलची स्वप्नं सांगणारा जवळजवळ तीन तासांचा माहितीपट, वितरक मिळण्याआधीच ईबर्टने आणि त्याच्या टीव्हीवरच्या जोडीदाराने कार्यक्रमातून लोकांपुढे ठेवला. पुढे ईबर्टने त्याला नव्वदच्या दशकातला सर्वोत्तम सिनेमा म्हटलं. म्हणजे हे ऋण फेडणं आहे, आणि ते लक्षात ठेवूनच बघावं.

पण ऋण फेडणारा माणूस सहसा कॅमेरा जिथून वळवेल, तिथे हा वळवत नाही. कर्करोगामुळे ईबर्टचा खालचा जबडा २००६ मध्ये काढावा लागला. बोलणं, खाणं, पिणं तिन्ही बंद. जेम्सने डिसेंबर २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू केलं तेव्हा तो पुन्हा रुग्णालयात होता. पडद्यावर पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. हनुवटीची कातडी रिकाम्या झोळीसारखी लोंबते आहे, तोंड कायम उघडं, आणि त्या तोंडातून आरपार गळ्याभोवतीचं पांढरं बँडेज दिसतं. आणि डोळे? डोळे मिश्कील. मांडीवर लॅपटॉप. तो टाइप करतो आणि यंत्र बोलतं. मग परिचारिका येते आणि गळ्यातल्या छिद्रातून नळी घालून आतला कफ ओढून काढते. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. ईबर्टचे डोळे घट्ट मिटतात, कपाळावर आठ्यांचं जाळं पडतं. पुढे कळतं, की हे टिपलं गेल्याचा त्यालाच आनंद झाला होता. जे कुणी कधी दाखवत नाही ते आपल्याला मिळालं, असं त्याने दिग्दर्शकाला मेलवर कळवलं. स्वतःच्या गळ्यातल्या नळीचंही तो परीक्षण करत होता!

यामागे एक जुनी जखम आहे. 'ट्रिब्यून'चा परीक्षक जीन सिस्केल हा त्याचा टीव्हीवरचा जोडीदार. दोघे मिळून कार्यक्रमात सिनेमांचं परीक्षण करायचे, आवडला तर अंगठा वर, नाही तर खाली. सख्ख्या भावांसारखे भांडणारे प्रतिस्पर्धी. जाहिरातीच्या ओळी बोलताना चुकल्यावर दोघांनी एकमेकांना जे काही ऐकवलंय, ती टाकून द्यायची फीत जेम्सने जशीच्या तशी ठेवली आहे. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात मोठा हशा तिथे पिकला. त्या सिस्केलला मेंदूत गाठ झाली. घरच्यांपलीकडे त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तो गेला. ईबर्टला ते लागलं. आपल्यावर वेळ आली तर लपवायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

अशा अवस्थेत माणूस किती लिहील? २०१२ या एका वर्षात ३०६ परीक्षणं. हा आकडा त्याने स्वतःच दिलाय, २ एप्रिल २०१३ च्या लेखात, म्हणजे जाण्याच्या दोन दिवस आधी. सबंध कारकिर्दीत एका वर्षात एवढं लिहिलं नव्हतं. मी आकडा ऐकला आणि शेजारी बसलेल्या आमच्या चिटणिसांना कोपराने ढोसलं. ते म्हणाले, "आणि तुम्ही महिन्याला दोन लिहून थकत होता."

आता माझं. नऊ वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत सिनेमाची परीक्षणं लिहिली. दैनिकाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे सांगणार आहे ते एकट्या त्या दैनिकाचं नाही. दिवसा विमा कार्यालयात नोकरी. शुक्रवारी अर्धी रजा टाकून साडेबाराचा खेळ, तिकीट पदरचं, संध्याकाळी सातच्या आत मजकूर डेस्कवर. मानधन दीडशे रुपये, तिमाहीने, तेही आठवण केल्यावर. सुरुवातीला जागा सातशे शब्दांची होती. मग पाचशे झाली. मग नायिकेचा फोटो मोठा झाला आणि मला साडेतीनशे उरले. एका शुक्रवारी उशिरा जाहिरात आली, पान सोडायची घाई, उपसंपादकांनी मजकूर खालून कापला. परीक्षण 'मात्र मध्यंतरानंतर' या दोन शब्दांवर संपलं. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही. शनिवारी सकाळी आमचा दूधवाला माप ओतता ओतता विचारतो, "साहेब, मात्र मध्यंतरानंतर काय?"

ते मी हसण्यावारी नेलं. दुसरी गोष्ट नेता येत नाही. रात्री साडेनऊला डेस्कवरून फोन आला. "साहेब, दोन तारे दिलेत तुम्ही. त्याच पिक्चरची पान चारवर अर्ध्या पानाची जाहिरात आहे. दोनाचे तीन करू का?" बिचारा विचारत तरी होता. मी म्हणालो, "करा, पण मजकुराला हात लावू नका." जणू मजकूर वाचूनच लोक तिकीट काढणार होते! शनिवारी छापून आलं: डोक्यावर तीन तारे आणि खाली साडेतीनशे शब्दांत सिनेमाचे वाभाडे. रविवारच्या जाहिरातीत ते तीन तारे ठळक, शेजारी आमच्याच पेपरचं नाव. वाभाडे अर्थातच नव्हते. पुढच्या वर्षी मी लिहिणं थांबवलं. डोळ्यांचं कारण सांगितलं.

म्हणून माहितीपटात दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेझी बोलायला लागला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. १९६७ साली ईबर्टने त्याचा पहिलाच सिनेमा शिकागोच्या महोत्सवात पाहून त्याला उचलून धरलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्कोर्सेझी सगळ्या बाजूंनी खचला होता, तेव्हा ईबर्ट आणि सिस्केलने टोरंटोच्या महोत्सवात त्याचा गौरव घडवून आणला. त्याबद्दल बोलताना तो आजही हलतो. आणि त्याच दोघांनी १९८६ मध्ये त्याच्या 'द कलर ऑफ मनी'ला नापास केलं. हे तो स्वतः सांगतो, कडवटपणा न ठेवता, आणि या माहितीपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत त्याचं नाव आहे. आपल्याकडे प्रीमियरला दिग्दर्शकाशेजारी बसून समोसा खाल्ला, की परीक्षकाची लेखणी महिनाभर ओशाळी असते. मी खाल्लाय, मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, याच ईबर्टने अंगठा वर, अंगठा खाली करून सिनेपरीक्षणाचा बाजार मांडला, आणि तुम्ही आम्हाला ताऱ्यांवरून बोल लावता? मुद्दा रास्त आहे. रिचर्ड कॉर्लिस या परीक्षकाने १९९० साली नेमका हाच आक्षेप छापून घेतला होता आणि कॉर्लिस माहितीपटात आहे. जेम्सने तो आक्षेप झाकलेला नाही. 'टू थम्स अप' हे शब्द तर त्या दोघांनी नोंदणीकृत करून घेतले होते. माझं म्हणणं एवढंच, की अंगठा टीव्हीवर वर जायचा, पण पेपरात त्याचं सविस्तर कारण सापडायचं. आमच्याकडे तारा उरला आणि कारण खालून कापलं गेलं.

ते कारण तो कसं द्यायचा, याचं आपल्या जवळचं उदाहरण सांगतो. २००२ साली 'लगान' अमेरिकेत लागला. शिकागोच्या वाचकाला ना हिंदी कळत, ना मध्येच गाणी का येतात ते, आणि क्रिकेट म्हणजे तर अंधारच. ईबर्टने त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले आणि वाचकाला हात धरून चंपानेरात नेलं. असं काही आपण आधी पाहिलेलं नाही आणि तरी सगळं ओळखीचं वाटतं, असा त्याचा सूर होता. आपल्या गोवारीकरांचा सिनेमा, नितीन देसाईंनी कच्छच्या धुळीत उभारलेलं गाव, आणि ते समजावून सांगतोय शिकागोतला कामगारांचा पेपर. शिवाय दर पंधरवड्याला एखाद्या जुन्या थोर सिनेमावर सावकाश लिहायला त्याच पेपराने त्याला जागा दिली. सत्यजित राय यांची अपूची तीन चित्रांची मालिका त्यात आली. 'पथेर पांचाली' त्या आठवड्यात कुठल्याही थिएटरात नव्हता आणि कुणाची जाहिरात येणार नव्हती. तरी छापलं.

मराठीत असं लिहिणारे नव्हते असं कुणी म्हणू नये. १९१७-१८ साली खुद्द दादासाहेब फाळके 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटाबद्दल लेखमाला लिहीत होते. अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरच्या मराठी पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे, त्यांचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक आहे. गणेश मतकरींनी 'आपला सिनेमास्कोप' या ब्लॉगवर सातत्याने लिहिलं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या रसास्वाद शिबिरांतून बाहेर पडलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतील. एक आमच्याच सोसायटीत आहे, हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि चौकट आणि संकलन यांवर तासभर बोलू शकतो. पण हे सगळं मासिकात, पुस्तकात, ब्लॉगवर, फेसबुकवर. ज्यांना आधीच गोडी आहे त्यांच्यापुरतं. एसटी स्टँडवर सात रुपयांचा पेपर घेऊन बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात यातलं काय पडतं? त्याच्या हातात तुम्ही असता.

पैशाचं बोलायचं तर अमेरिकेतही परीक्षकाला कुणी पालखीत बसवलं नाही. पॉलीन केल या परीक्षक बाईंवरचा रॉब गार्व्हरचा माहितीपट (२०१८) बघा. बाई बर्कलीच्या रेडिओवर फुकट परीक्षणं करायची. १९६६ मध्ये एका मासिकाने काही महिन्यांत घरचा रस्ता दाखवला. 'न्यू यॉर्कर'ने घेतलं तेही सुरुवातीला वर्षातले सहाच महिने, उरलेले सहा दुसऱ्या बाईंचे. आणि सन-टाइम्सचं म्हणाल, तर ईबर्ट जाऊन दोन महिने होत नाहीत तोच, मे २०१३ अखेर, त्यांनी आपले सगळेच्या सगळे २८ छायाचित्रकार एका दिवसात काढून टाकले. तेव्हा तिकडे स्वर्ग आणि इकडे नरक अशा समजुतीने मी लिहीत नाही. वर्तमानपत्राचं अर्थकारण मला कळतं असंही नाही. पानाची एक डमी, म्हणजे कच्चा आराखडा, मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यात जाहिरातींचे चौकोन आधी आखलेले असतात आणि मजकुराची जागा नंतर, उरेल ती.

मागणं फार नाही. दर आवृत्तीला नको, सबंध दैनिकाला एक परीक्षक ठेवा, पण तो पगारावर ठेवा, आणि वाचकाला त्याची आवड-नावड ओळखीची होईल इतकी वर्षं ठेवा. ईबर्टशी वाचक भांडायचे, कारण तो कुठे चुकतो हे त्यांना पाठ झालं होतं. तिकिटाचे पैसे द्या. सातशे शब्द द्या, आणि कापायचेच असतील तर त्याला फोन करून त्याच्याकडून कापून घ्या. जाहिरात विभागाकडे त्याचा नंबर असू नये. तारे काढून टाकाल तर तुमचे पाय धरीन. तेवढं जमत नसेल तर जे छापाल ते त्याचे असू द्या. जुन्या मराठी सिनेमासाठी महिन्यातून एक रकाना चालवा. 'माणूस' किंवा 'सामना' या शनिवारी कुठे लागलेला नाही, म्हणून त्यावर लिहायचं नाही, हा नियम कुणी केला?

आणखी एक, जे फुकटात होण्यासारखं आहे. ईबर्टची १९६७ पासूनची परीक्षणं आज तारखेनिशी वाचायला मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी तो कशाला भुलला होता हेसुद्धा तपासता येतं. माझी नऊ वर्षं ज्या दैनिकात गेली, त्याच्या वेबसाइटवर माझं एकही परीक्षण निघत नाही. माझं राहू द्या. माझ्याआधी तिथे वीस वर्षं एक निवृत्त मास्तर लिहायचे, ते माझ्याहून कितीतरी बरं लिहायचे. त्यांच्या घरच्यांनी कात्रणांची ट्रंक रद्दीत दिली, तेव्हा किलोचा भाव काय लागला तेही मला माहीत आहे. तुमच्या गोदामातले अंक वाळवी लागण्याआधी स्कॅन करून ठेवा.

माहितीपट हवा असेल तर आमच्या सोसायटीशी बोला, खेळ लावू. हॉल आमचा, चहा तुमचा. जाहिरात विभागालाही घेऊन या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी शनिवारचा परीक्षक

ता. क. दूधवाल्याला त्या दिवशी मी उत्तर तोंडी दिलं होतं. छापून कधी आलं नाही म्हणून इथे देतो. ते वाक्य असं होतं: 'मात्र मध्यंतरानंतर दिग्दर्शकाला सासू आठवते, नायिका विसरते आणि प्रेक्षकाला शेवटची एसटी.'